टी-शर्ट, पायमोजे आणि आपली त्वचा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग लागून आठ-दहा दिवस झाले होते. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ संध्याकाळी दवाखान्यात आले. माझे जुने रुग्ण. मधुमेह चौदा वर्षांचा, गोळ्या वेळेवर घेणारे, बोलायला मोकळे. त्या दिवशी तक्रार एवढीच होती की अंगात कसकस आहे आणि तपासणीत साखर वाढलेली निघाली आहे. मी नाडी पाहिली, छाती तपासली. तेवढ्यात आमच्या कंपाउंडरने हळूच सांगितले, "डॉक्टर, कशाचा तरी वास येतोय." मी त्यांना बूट काढायला लावले. उजव्या पायाचा मोजा पुढच्या बाजूने ओला होता. काढू लागलो तर तो कातडीला चिकटलेला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली रुपयाएवढी जखम होती आणि बोट काळे पडले होते.

"डॉक्टरसाहेब, दुखत तं काहीच नाही," ते म्हणाले. भीतीची गोष्ट होती ती नेमकी हीच.

मोजा उलटा करून पाहिला. बोटाजवळ पूर्वी भोक पडले होते, ते त्यांनी स्वतःच जाड दोऱ्याने शिवून घेतले होते. शिवणीची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आतल्या बाजूला होती. नऊ दिवसांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात ते हा मोजा आणि बंद बूट घालून दिवसभर उभे होते, वरातीत चालले होते. गाठ घासून फोड आला, फोड फुटला, जखम झाली, जखमेत पू झाला. पायाची संवेदना मधुमेहाने गेलेली असल्यामुळे यातले काहीच त्यांना कळले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सकांकडे पाठवले. पाय वाचला, बोट गेले.

ते बरे होऊन आल्यावर म्हणाले, "एका मोज्यानं बोट नेलं पाहा." मी त्यांना सांगितले की एकट्या मोज्याला दोष देऊ नका. साखर, बधिर झालेला पाय, ती गाठ आणि नऊ दिवस, या चौघांनी मिळून बोट नेले. पाचवा दोष माझा होता, तो मी तेव्हा बोललो नाही, आज लिहितो. आठ वर्षे मी त्यांची साखर विचारत होतो, पण पायातला मोजा काढायला त्यांना एकदाही सांगितले नव्हते. त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात मधुमेहाचा रुग्ण आला की आधी मोजे उतरतात, मग रक्तदाबाचा पट्टा बांधला जातो.

वाचकहो, या सदरात आहारावर, रक्तदाबावर, तापावर आपण पुष्कळ बोललो. पण दिवसाचे बारा-चौदा तास जे कापड अंगाला लागून असते, त्याचा विचार आरोग्याच्या पानावर सहसा होत नाही. टी-शर्ट आणि पायमोजे ही आता घरोघरची रोजची वस्तू झाली आहे. ते चांगले आणि टिकाऊ कसे निवडावेत, हा प्रश्न जेवढा खिशाचा तेवढाच त्वचेचा आहे. म्हणून आजचा लेख त्यासाठी.

घाम आणि कापड

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. कातडीवर राहणारे जंतू घामातील घटकांवर वाढतात आणि वास निर्माण होतो. घाम कातडीवरून उडून जातो तेव्हा शरीर थंड होते. तो कातडीवर साचून राहिला तर घामोळे येते, काखेत आणि जांघेत कातडी लाल होते, आणि ओलाव्यावर जगणाऱ्या बुरशीचे फावते. कापडाचे काम एवढेच की घाम उचलावा आणि हवेत सोडावा.

सुती कापड मुळातच पाण्याला जवळ करणारे आहे. साध्या हवेत १०० ग्रॅम कोरड्या सुतात सुमारे ८ ग्रॅम ओलावा मुरलेला असतो. नायलॉनमध्ये तो साधारण ४ ग्रॅम असतो, तर पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून आपल्या विदर्भात, जेथे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेथे रोजच्या वापराला सुती टी-शर्टच बरा.

पण सुताचाही एक अवगुण आहे. ते पाणी लवकर उचलते, मात्र सोडताना वेळ लावते. चिंब भिजलेला सुती टी-शर्ट तासन्‌तास अंगावर ओलाच राहतो. म्हणून पळण्याच्या, खेळाच्या वेळी पातळ जाळीदार पॉलिस्टरचा टी-शर्ट घातला तर चूक नाही. अट एकच की व्यायाम संपताच तो उतरवावा, अंग पुसावे आणि तो त्याच दिवशी धुवावा. ही अट पाळली नाही म्हणजे काय होते, याचे उदाहरण गेल्या वर्षी माझ्याकडे आले.

एका खोलीतली चार मुले

पोलीस भरतीची तयारी करणारी चार मुले आमच्या गावात एक खोली घेऊन राहत होती. पहाटे मैदानावर धावायचे, आल्यावर टी-शर्ट खोलीतल्या दोरीवर टाकायचे, संध्याकाळी तेच पुन्हा घालायचे. घाईत जो हाताला लागेल तो ज्याने त्याने घालायचा. चौघांत मिळून टॉवेल दोन. एकाला जांघेत गजकर्ण झाले. त्याने औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून मलम आणले. दोन दिवसांत खाज थांबली, म्हणून तीच नळी चौघांत फिरली. दोन महिन्यांनी चौघेही माझ्यापुढे उभे होते. कोणाच्या पोटावर, कोणाच्या पाठीवर ताटलीएवढे चट्टे, आणि एकाच्या जांघेतली कातडी कागदासारखी पातळ झालेली.

त्या मलमात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, पण बुरशी मरत नाही. उलट कातडीची प्रतिकारशक्ती मंदावल्याने ती ऐसपैस पसरते, आणि चट्ट्याचे रूप बदलल्यामुळे डॉक्टरलाही ओळखणे कठीण जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या 'शेड्यूल एच' यादीत घातली, ती याच कारणाने. तरीही 'तिहेरी मलम' मागणारे आणि देणारे अजून भेटतात. ते घेऊ नये.

मुलांना औषध दिले, पण त्याबरोबर चौघांना वेगवेगळे टॉवेल, आतले कपडे आणि टी-शर्ट वापरायला लावले. प्रत्येकाच्या टी-शर्टच्या गळ्यावर आतून नावाचे अक्षर मार्कर पेनाने लिहून घेतले. डाग गेल्यावरही दोन आठवडे मलम चालू ठेवले. तीन मुले बरी झाली. चौथ्याचे पुन्हा उलटले, तेव्हा कळले की तो ओला टी-शर्ट बॅगेत गुंडाळून ठेवतो. औषध बरोबर आणि कपडा चुकीचा असला की गजकर्ण जात नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

टी-शर्ट कसा पारखावा?

आपल्या यवतमाळ-अमरावतीकडच्या कापसाच्या कितीतरी गाठी तमिळनाडूतील सूतगिरण्यांकडे जातात. तेथून सूत तिरुपूरला जाते. तिरुपूर हे सुती होजिअरीचे देशातले सर्वांत मोठे केंद्र. म्हणजे आपल्या शेतातला कापूस हजार-बाराशे किलोमीटर जाऊन टी-शर्ट होऊन आपल्याच बाजारात परत येतो. तेव्हा तो पारखण्याचा थोडाफार हक्क आपल्यालाही आहे. कापूस पाहताना शेतकरी बोटांनी धागा ओढून त्याची लांबी बघतो. टी-शर्टचा टिकाऊपणाही तेथूनच सुरू होतो.

लांब तंतूंचे सूत मजबूत आणि गुळगुळीत असते. आखूड तंतू सुतातून बाहेर डोकावतात, घासले की त्यांचे बारीक गोळे होतात आणि तो टी-शर्ट चार धुण्यांत जुना दिसू लागतो. चांगल्या प्रतीच्या सुतासाठी कापूस यंत्रावर विंचरून आखूड तंतू काढून टाकतात. लेबलवर 'कोम्ब्ड कॉटन' लिहिलेले असते, त्याचा अर्थ हा. गोळे धरलेले खरखरीत कापड ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना टोचते, खाज आणते.

दुसरी गोष्ट वजनाची. लेबलवर किंवा ऑनलाइन माहितीत 'जीएसएम' असे लिहितात. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. १४० च्या खालचे कापड फार विरळ, लवकर फाटणारे. २२० च्या वरचे हिवाळ्याचे. आपल्या हवेत रोजच्या वापराला १६० ते १८० योग्य. लेबल नसेल तर टी-शर्टच्या आत हात घालून कापड उजेडाकडे धरावे. बोटे मोजता आली तर कापड पातळ आहे असे समजावे. मात्र नुसते जाड म्हणजे चांगले नव्हे. कधीकधी कांजी चढवून कापडाला जाडी आणलेली असते. ते हातात चुरगाळले की कडक लागते आणि पहिल्या धुण्यात मवाळ, ढिले होते.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या आणखी काही परीक्षा :

१) कापड दोन्ही हातांनी आडवे ताणून सोडावे. लगेच पूर्ववत झाले पाहिजे. ताणलेले तसेच राहिले, तर महिन्याभरात टी-शर्ट ढगळ होणार.

२) गळ्याची पट्टी ताणून पाहावी. तिचे विणकाम अंगाच्या कापडाहून वेगळे, उभ्या रेघांचे आणि दाट असावे. टी-शर्टचा गळाच सर्वांत आधी जातो.

३) टी-शर्ट उलटा करावा. दोन्ही खांद्यांच्या आणि मानेच्या शिवणीवर पट्टी शिवलेली असेल तर तो खांद्यावरून ओघळणार नाही. शिवणीचे धागे लोंबत नसावेत, टाके सुटलेले नसावेत.

४) खालच्या दुमडीवर बाहेरून दोन समांतर टाके असावेत. एकच टाका ताण पडताच तुटतो.

५) बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत सरळ उतरते का ते पाहावे. नव्यातच ती पोटाकडे वळलेली असेल, तर धुतल्यावर आणखी पीळ पडेल.

६) ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद रंगाचे कापड आतून घासावे. रंग रुमालाला लागला तर तो तुमच्या कातडीलाही लागणार. काहींना कापडाच्या रंगांची ॲलर्जी असते, विशेषतः पॉलिस्टर-नायलॉनच्या गडद रंगांची. काखेच्या कडेने किंवा मांडीवर पुरळ येते आणि कारण सापडत नाही, तेव्हा नवा कपडा आठवून पाहावा.

सुती होजिअरीवर आधी प्रक्रिया केली नसेल तर ती पहिल्या दोन-तीन धुण्यांत ५ टक्के, कधी त्याहूनही आटते. २८ इंच लांबीचा टी-शर्ट दीड इंचाने आखूड होतो. म्हणून अंगाबरोबर बसणारा घेऊ नये. काखेत दोन बोटे सहज फिरतील इतका मोकळा घ्यावा. तंग टी-शर्टमध्ये घाम उडत नाही, आणि घामोळे व गजकर्ण बहुधा घट्ट जागीच सुरू होते.

'एक्स्पोर्टचा माल' म्हणून रस्त्यावर ढीग लागतात. त्यात खरोखर चांगले कापड मिळू शकते, पण परत आलेला माल काहीतरी खोट निघाल्यामुळेच आलेला असतो. कुठे टाका सुटलेला, कुठे सुईचे छिद्र, कुठे डाग. वरच्या सहा परीक्षा करून एकेक नग निवडावा. छापील चित्रांबद्दल एकच सांगतो. छातीभर पसरलेले रबरी चित्र म्हणजे छातीवर बांधलेले प्लास्टिक. लहान मुलांच्या अंगावर त्या चित्राच्याच आकाराचे घामोळे मी पाहिले आहे.

पायमोज्यांचे गणित वेगळे

टी-शर्ट शुद्ध सुती असावा, पण पायमोजा शुद्ध सुती असला तर टिकत नाही आणि पायावर थांबतही नाही. तो ताणला की सैल पडतो, घसरून बुटात गोळा होतो. या घड्या फोडांचे आणि कुरुपांचे कारण होतात. म्हणून ७० ते ८० टक्के सूत, बाकी नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि २ ते ५ टक्के लवचिक धागा, हे रोजच्या मोज्याचे चांगले मिश्रण. उलट नुसत्या नायलॉनचे चकचकीत मोजे लवकर फाटत नाहीत खरे, पण पाय आत शिजतो.

मोजा घेताना चार जागा पाहाव्यात. पहिली टाच. टाचेला खिसा विणलेला असावा. नळीसारखा सरळ मोजा टाचेवर बसत नाही, फिरत राहतो. टाच आणि चवडा या दोन ठिकाणी वीण दुहेरी, हाताला जाड लागणारी असावी, कारण मोजा फाटतो तो तेथेच. दुसरी जागा बोटांवरची शिवण. मोजा उलटा करून तिच्यावरून बोट फिरवावे. ती सपाट असावी, दोरीसारखी उठलेली नसावी. तिसरी जागा वरची पट्टी. ती रुंद आणि मऊ असावी. चौथी जागा आतली बाजू. तेथे लांब लांब मोकळे धागे लोंबत नसावेत.

या शेवटच्या सूचनेचे कारण तान्ह्या मुलांच्या आयांनी नीट वाचावे. बाळाच्या मोज्यात सुटलेला धागा किंवा आईचा केस बोटाभोवती गुंडाळला जातो आणि आवळत जातो. बाळ रडत राहते, सगळे पोट दुखते म्हणून घुटी देतात, आणि इकडे बोट लाल, मग निळे होते. माझ्या कारकिर्दीत असे एक बाळ आले. धागा कातडीत इतका रुतला होता की भिंगाखाली कापून काढावा लागला. बोट वाचले. बाळ कारण नसताना रडू लागले तर आधी मोजे काढून दहाही बोटे पाहावीत. बाळाला मोजे नेहमी उलटे करून, धागे कापूनच घालावेत.

आता शाळेच्या मुलांबद्दल. पावसाळ्यात मूल ओल्या मोज्यात पाच-सहा तास बसते, आणि आठवड्याभरात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या घेऊन येते. दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी जोडी आणि पाय पुसायला जुना रुमाल ठेवावा, एवढा उपाय पुरे होतो. शक्य असेल त्या शाळांनी जोराच्या पावसाच्या महिन्यांत चपला-सँडल चालवून घ्याव्यात, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे.

मोज्याचा वळ काय सांगतो?

संध्याकाळी मोजा काढल्यावर पोटरीवर पट्टीच्या विणीचा हलका ठसा दिसतो. तो अर्ध्या तासात जातो आणि त्याचे काही नाही. पण वळ खोल खड्ड्यासारखा असेल, घोट्याजवळ अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडून राहत असेल, तर तो मोज्याचा दोष नसून पायाला सूज आहे. ही सूज दिवसभर उभे राहिल्याने, फुगलेल्या शिरांमुळे, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळीने येते, तशीच मूत्रपिंड, हृदय किंवा यकृत यांच्या दुखण्यातही येते. सैल मोजा आणून हा प्रश्न सोडवू नये. डॉक्टरांना पाय दाखवावा. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवावा.

फुगलेल्या शिरांसाठी मिळणारे दाबाचे मोजे हे औषधासारखे आहेत. पायाचे माप घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी आहे त्यांना असा मोजा अपाय करतो. तंबाखू-विडीच्या व्यसनी माणसाने तर तो स्वतःच्या मनाने मुळीच घालू नये.

मधुमेहींसाठी

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चटका बसला, मोज्याची घडी घासली, काहीच कळत नाही. अशा वेळी डोळ्यांनी नसांचे काम करायचे असते. म्हणून :

मोजा पांढरा किंवा फिका घ्यावा. रक्ताचा, पाण्याचा, पुवाचा डाग त्यावर लगेच दिसतो. काळ्या मोज्यावर आमच्या वाहकसाहेबांना नऊ दिवस काही दिसले नाही.

बोटांवर उठलेली शिवण नको. तशीच असेल तर मोजा उलटा घालावा, शिवण बाहेर राहते. लोक हसले तर हसू द्यावे.

शिवलेला, रफू केलेला, टाच विरलेला मोजा मधुमेही माणसाने घालू नये. काटकसर दुसरीकडे करावी.

जाड मोजा तंग बुटात कोंबू नये. बूट घेताना जो मोजा रोज वापरणार तो घालूनच, आणि संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसाच्या शेवटी पाय थोडा फुगलेला असतो.

रोज रात्री मोजे काढल्यावर तळपाय आरशात पाहावा. दिसत नसेल तर घरातल्या कोणालातरी पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

ज्यांच्या पायात चप्पल असते, मोजे नसतात, त्यांनीही हे पाहणे टाळू नये. घरातसुद्धा अनवाणी चालू नये. बधिर पायांसाठी मऊ एमसीआर रबराच्या चपला मिळतात, त्या वापराव्यात.

धुण्यात आयुष्य वाढते, आणि कमीही होते

चांगला कपडा बहुतेक वेळा अंगावर फाटत नाही, धुण्याच्या दगडावर फाटतो. टी-शर्ट आणि मोजे उलटे करून धुवावेत. घाम आतल्या बाजूला असतो, शिवाय बाहेरची बाजू घासण्यापासून वाचते. ब्रशने घासू नये. साबणाची पावडर जास्त टाकल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. उरलेला साबण मात्र कातडीला खाज आणतो. तेव्हा पावडर कमी आणि खळबळून धुणे जास्त.

मोज्यांतला आणि गळपट्टीतला लवचिक धागा उष्णतेने आणि ब्लीचने मरतो. म्हणून रोजचे कपडे साध्या पाण्यात धुवावेत. मात्र घरात कोणाला गजकर्ण किंवा चिखल्या असतील तर नियम उलटा. त्या माणसाचे मोजे, आतले कपडे आणि टॉवेल वेगळे ठेवावेत आणि ६० अंशांच्या गरम पाण्यात भिजवावेत. उकळते पाणी आणि तेवढेच साधे पाणी एकत्र केले की साधारण तेवढे तापमान होते. पाणी लवकर निवते, म्हणून बादलीवर झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास भिजू द्यावे आणि बादली लहान मुलांपासून दूर ठेवावी. यात मोज्याचे आयुष्य थोडे कमी होईल, पण बुरशी परत येणार नाही. ज्याला सतत औषध विकत घ्यावे लागते, त्याला हा सौदा स्वस्त आहे.

कपडे उलटे करूनच उन्हात वाळवावेत, रंग विटत नाही. ओला सुती टी-शर्ट खांद्यांना चिमटे लावून टांगला तर स्वतःच्या वजनाने लांबतो. तो दोरीवर मधोमध दुमडून टाकावा. मोज्याला चिमटा बोटांकडच्या टोकाला लावावा, वरच्या पट्टीला नव्हे. पावसाळ्यात दमट कपडा घडी करून कपाटात ठेवू नये. तो इस्त्री फिरवून पूर्ण कोरडा करावा.

किती घ्यावेत, कधी टाकावेत?

एकच जोडी रोज धुऊन रोज घालण्यापेक्षा एकाच रंगाच्या सहा जोड्या घ्याव्यात. आलटून पालटून वापरल्याने प्रत्येक जोडी जास्त टिकते, आणि एक मोजा हरवला तरी दुसरा वाया जात नाही. हा शोध माझ्या पत्नीचा आहे, मी फक्त लाभार्थी आहे. पूर्वी मी आठवडी बाजारातून स्वस्तातले ढीगभर मोजे आणत असे. दोन महिन्यांत टाच जाई आणि पुन्हा बाजार. हिशेब मांडला तेव्हा कळले की दुप्पट किमतीचा मोजा चौपट चालला. टी-शर्टचेही तेच. पाच कच्चे घेण्यापेक्षा तीन पक्के घ्यावेत.

टाकण्याची वेळ ओळखावी. मोजा घोट्यावर थांबत नसेल, टाचेतून उजेड दिसत असेल, धुऊनही वास जात नसेल, तर त्याचे काम संपले. टी-शर्ट मात्र जुना झाल्यावर अधिक मऊ होतो. जोपर्यंत स्वच्छ आणि धड आहे तोपर्यंत झोपताना घालायला त्याच्यासारखा दुसरा नाही. त्यानंतर त्याचे पायपुसणे करायला हरकत नाही. फक्त गजकर्ण असलेल्या माणसाचा टी-शर्ट पुसायला घेऊ नये.

आमचे वाहकसाहेब अजून दर महिन्याला येतात. पांढरे मोजे, शिवण बाहेर करून घातलेले. खुर्चीवर बसताच मी काही सांगायच्या आत मोजे काढून पाय पुढे करतात आणि बाकावर बसलेल्या इतरांनाही सांगतात, "काढा रे, साखर मंग सांगा." माझे निम्मे काम ते करतात. आज हा लेख वाचून झाला की वाचकांनीही एवढेच करावे. घरात मधुमेहाचे माणूस असेल तर आज रात्री त्याचे मोजे उलटे करून पाहावेत आणि दोन्ही तळपाय दिव्याखाली पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे.